जुन्या वर्कस्टेशनचा माऊस दोनदा बदलला, तरी कर्सर कोपऱ्यात पळतो आणि आपोआप क्लिक होतात. काय करावं?

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिली आहे: हे वर्कस्टेशन आणि शेजारचं दुसरं मशीन एकाच की-बोर्ड-माऊसवर स्विच बॉक्सने चालतात. बाकी तक्रार अशी की माऊस गोल पिनचा आहे, कर्सर मधेच झपकन कोपऱ्यात जातो, मेनू आपोआप उघडतात, फाइली भलत्याच फोल्डरमध्ये जाऊन पडतात. माऊस दोनदा बदलून झाला. मशीनवरचं सॉफ्टवेअर दुसरीकडे चालत नाही, त्यामुळे मशीन बदलण्याचा प्रश्नच नाही.

तिसरा माऊस आणू नका. बिघडलेला माऊस सहसा काहीतरी करायचं थांबवतो: एका दिशेला हलत नाही, एक बटण लागत नाही, मधेच मरतो. तुमचा माऊस उलट जास्तीचं करतोय, आणि तेही वेड्यासारखं. माऊस काय सांगतोय आणि मशीन काय ऐकतंय यांचा मेळ सुटला की असं होतं.

हे नीट समजून घ्या, कारण एकदा समजलं की पुढचं सगळं सोपं आहे. ६ पिनांचं ते गोल सॉकेट म्हणजे पीएस-२. आयबीएमने १९८७ मध्ये त्याच नावाच्या मशीनबरोबर ते आणलं. या सॉकेटवरचा साधा माऊस हलला की दर वेळी ३ बाइटचं (म्हणजे माहितीच्या तीन छोट्या तुकड्यांचं) एक पुडकं पाठवतो. पहिल्यात कोणती बटणं दाबली आहेत ते, दुसऱ्यात आडवी हालचाल, तिसऱ्यात उभी. चाकवाला माऊससुद्धा चालू होताना असाच ३ बाइटवाला असतो. ड्रायव्हर, म्हणजे मशीनमधलं माऊसशी बोलणारं सॉफ्टवेअर, त्याला लागोपाठ तीन हुकूम देतो: सेकंदाला २०० वेळा माहिती दे, मग १०० वेळा, मग ८० वेळा. हा क्रम ही खरं तर एक ठरलेली खूण आहे. ती ओळखणारा माऊस आपला प्रकार ३ असल्याचं कळवतो आणि तिथून पुढे चाकासाठी चौथा बाइट जोडून पाठवायला लागतो.

आता समजा, बॉक्सचं बटण दाबताना माऊसची वीज क्षणभर गेली. माऊस सगळं विसरून परत ३ बाइटवर आला. ड्रायव्हरला याचा पत्ता नाही, तो चार-चारच मोजतोय. प्रत्येक पुडक्यात पुढच्या पुडक्याचा एक बाइट ओढला जातो आणि सगळी मोजणी सरकते. तुम्ही माऊस उजवीकडे ९ घरं सरकवला आणि नेमका तो ९ ड्रायव्हरने बटणांचा बाइट म्हणून वाचला, तर? ९ बायनरीत १००१. यातला शेवटचा १ म्हणजे डावं बटण दाबलेलं. पहिला १ त्या बिटच्या (बायनरीतल्या अंकाच्या) जागी येतो जो बटणांच्या बाइटमध्ये कायम १ असतो आणि ज्यावरून ड्रायव्हर हा बाइट खरा की खोटा ते तपासतो. म्हणजे तपासणीतही तो पास झाला. तुमच्या हाताने क्लिक केलेलंच नाही, पण मशीनपुरतं ते क्लिक झालं. फाइली ओढल्या जातात त्या अशा.

मी बरीच वर्षं असली जुनी मशीनं सांभाळतो, आणि हे मला एका प्रयोगशाळेतल्या मशीनने शिकवलं. सूक्ष्मदर्शकाला जोडलेला संगणक, माऊसवर मोजमापं घ्यायची, आणि मोजता मोजता खुणा पडद्याच्या कडेला जाऊन पडायच्या. तिथे माझ्याआधी तीन माऊस बदलून झाले होते. मी दिवसभर शेजारी बसून नुसतं बघत राहिलो. दुपारपर्यंत एक गोष्ट लक्षात आली: बिघाड दर वेळी दुसऱ्या मशीनवरून इकडे परत आल्यावरच सुरू व्हायचा. मग कपाटातून चाक नसलेला जुना तीन बटणांचा माऊस काढून लावला. संध्याकाळपर्यंत एकदाही कर्सर उडाला नाही. त्याला मुळात ३ बाइटशिवाय दुसरं काही येतच नव्हतं, त्यामुळे विसरण्यासारखं काही नव्हतं.

तुम्हीही हेच करून बघा. दोन्ही मशीनं पूर्ण बंद करा, बॉक्स बाजूला काढा, माऊस थेट हिरव्या सॉकेटमध्ये लावा (जांभळं की-बोर्डचं) आणि एक-दोन दिवस नेहमीचं काम करा. कर्सर शांत राहिला तर चोर सापडला. लिनक्स असेल तर कर्नलच्या (सिस्टीमच्या गाभ्याच्या) लॉगमध्येही, म्हणजे नोंदींमध्ये, बघा. पीएसमाउस या ड्रायव्हरच्या नावापुढे 'लॉस्ट सिंक्रोनायझेशन' अशा अर्थाची ओळ दिसली, तर ड्रायव्हर स्वतःच सांगतोय की मोजणी चुकली.

बॉक्स ठेवायचाच असेल तरी उपाय आहे. चाकाचा नाद सोडायचा. विंडोज २००० किंवा एक्सपी असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये माऊसच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज उघडा. तिथे 'व्हील डिटेक्शन' असतं, ते बंद करा आणि मशीन रीस्टार्ट करा. लिनक्सवर पीएसमाउस मॉड्यूलला 'प्रोटो' हा पर्याय देता येतो. त्याची किंमत 'बेअर' ठेवली की तो साध्या ३ बाइटवरच राहतो. चाक चालणार नाही, पण अशा कामाच्या मशीनवर चाकापेक्षा भरवशाचा क्लिक लाखमोलाचा. चाक हवंच असेल तर असा बॉक्स शोधा जो दोन्ही मशीनांना माऊस कायम जोडलेला आहे असं भासवतो आणि प्रत्येकाशी कोणती बोली ठरली होती ते स्वतः लक्षात ठेवतो.

हे करताना एक गोष्ट कळकळीने सांगतो: पीएस-२ ची पिन मशीन चालू असताना काढू-घालू नका. हे सॉकेट त्यासाठी बनवलेलंच नाही. बऱ्याच मदरबोर्डांवर की-बोर्ड आणि माऊसच्या ५ व्होल्टच्या वाटेवर एक बारीकसा फ्यूज असतो. पिन तिरकी घुसून क्षणभर शॉर्ट झालं तर तो जातो, आणि मग की-बोर्ड-माऊस दोन्ही मुके होतात. तसलं बोर्ड आज शोधून मिळायचं नाही. शिवाय नुसता चालू मशीनला लावलेला माऊस स्वतःहून बोलत नाही. ड्रायव्हरने 'आता माहिती पाठव' असं सांगेपर्यंत तो गप्प बसतो. पुष्कळदा लोक याच गप्प माऊसला मेलेला समजून फेकून देतात.

बॉक्स काढूनही कर्सर उडालाच, तर वायर बघा. माऊसच्या तोंडाशी, जिथे वायर आत शिरते, तिथे ती वर्षानुवर्षं एकाच जागी वाकत असते. वरचं आवरण चांगलं दिसतं आणि आतली तार तुटलेली असते. माऊस टेबलावर स्थिर धरा, दुसऱ्या हाताने वायर तोंडापासून चार बोटं अंतरापर्यंत हळूहळू डावीकडे-उजवीकडे वाकवा आणि नजर माऊसखालच्या लाल दिव्यावर ठेवा. एका ठरावीक कोनात दिवा मिचकला तर तार तिथेच तुटली आहे. आणि बघा, इथेही वीज क्षणभरच जाते, म्हणजे पुन्हा तोच बाइट चुकण्याचा प्रकार. तुमचे दोन माऊस एकाच एक्स्टेंशन वायरवर चालवले असतील, तर आधी ती वायर बदला.

उडणं आणि अडखळणं यात फरक करा. कर्सर उडत नाही, पण फाइल कॉपी करताना किंवा मोठी फाइल उघडताना गचके खात पुढे जातो, गाणं लावलं तर आवाजही तुटतो, असं असेल तर माऊसकडे बघूच नका. डिस्क बघा. एक्सपीमध्ये आयडीई (जुन्या रुंद पट्टीच्या वायरने जोडलेल्या) डिस्कवर ठरावीक चुका झाल्या की विंडोज त्या डिस्कचं डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता माहिती हलवण्याची सोय) बंद करून तिला पीआयओ मोडवर टाकतं, जिथे ते काम प्रोसेसरलाच करावं लागतं. मग प्रत्येक वाचनासाठी प्रोसेसर अडकून पडतो आणि माऊसकडे बघायला त्याला सवड राहत नाही. हे लक्षण दिसलं तर त्या दिवशी दुसरं काहीही करू नका, आधी बॅकअप घ्या. तुमचं सॉफ्टवेअर दुसरीकडे चालत नाही असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे ती डिस्क गेली तर सगळंच गेलं.

माऊस बॉलवाला असेल तर मळाचा विचार करा, पण मळाने कर्सर अडतो, कोपऱ्यात उडत नाही. खालची चकती फिरवून बॉल काढा. आत दोन बारीक रोलर दिसतील आणि तिसरं एक स्प्रिंगवालं चाक. रोलरच्या बरोबर मध्यावर राखाडी, घट्ट असा कड्यासारखा थर जमलेला असतो. बॉल त्या थरावर चढतो आणि घसरतो. तो नुसता पुसून निघत नाही. लाकडी दातकोरणीने रोलर फिरवत फिरवत खरवडा, अख्खं कडं सोलून निघतं. उरलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा. सुटलेला कचरा आत पडू देऊ नका, शेजारीच दात्यांची चाकं आणि त्यांचे प्रकाशाचे सेन्सर असतात.

ऑप्टिकल माऊस एका जागी थरथरत असेल तर खालच्या भोकात केस किंवा धागा अडकलाय का ते पाहा, आणि काचेच्या किंवा चकचकीत टेबलावर असेल तर खाली साधा कागद ठेवा. एका क्लिकचे दोन होत असतील तर बटणाखालच्या स्विचची धातूची पट्टी थकलेली असते. त्यावर स्विच बदलणं हाच खरा उपाय.

यूएसबी माऊस हिरव्या अडॅप्टरने लावायचा विचार असेल तर सांगून ठेवतो, त्या अडॅप्टरमध्ये काही डोकं नसतं, नुसत्या तारा इकडच्या तिकडे जोडलेल्या असतात. जो माऊस दोन्ही बोली बोलतो त्यालाच तो चालतो. आजचे बहुतेक माऊस फक्त यूएसबी बोलतात. मशीनला यूएसबी असेल तर माऊस सरळ तिथे लावा. तेव्हा बायॉसमधला (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमधला) 'यूएसबी लेगसी सपोर्ट'ही तपासा: तो यूएसबी माऊसला पीएस-२ असल्याचं भासवतो आणि काही मशीनांवर तोच कर्सर नाचवतो. तो बंद करण्याआधी पीएस-२ की-बोर्ड हाताशी ठेवा, नाहीतर परत बायॉसमध्ये शिरायची पंचाईत होईल.

हे सगळं होईपर्यंत काम अडू नये म्हणून: विंडोजमध्ये डावं ऑल्ट, डावं शिफ्ट आणि नमलॉक एकदम दाबलं की उजवीकडच्या आकड्यांच्या बटणांनी कर्सर हलवता येतो, ५ दाबलं की क्लिक.

बॉक्स काढून दोन दिवस झाले की इथेच लिहा. तरीही उडत असेल तर ऑपरेटिंग सिस्टीम कोणती आणि कर्सर उडतो तेव्हा तुम्ही नेमकं काय करत होता, एवढं जरूर कळवा.