बोटांना दिसलं पाहिजे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. डेंटल हायजिनिस्ट, म्हणजे दात-हिरड्या तपासून साफ करणारी, व्हायचं ठरवलंस आणि पहिला प्रश्न विचारलास तो पुस्तकांचा. पुस्तकं काय, कॉलेज सांगेल ती घे. दातांची रचना, जंतू, औषधं पाठ करून लेखी परीक्षेत निघून जाणारे पुष्कळ असतात. अडतात ते खुर्चीपाशी. हिरडीच्या खालचं डोळ्यांना दिसत नाही, ते बोटांना दिसावं लागतं, आणि बोटं एका रात्रीत तयार होत नाहीत.

कागदोपत्री वाट सरळ आहे: मान्यताप्राप्त अभ्यासक्रम, त्यातलं क्लिनिकल काम, परीक्षा, मग नोंदणी. नियम जागेप्रमाणे बदलतात. म्हणून फी भरण्याआधी, जिथे काम करायचं आहे तिथल्या नोंदणी करणाऱ्या कौन्सिलला तो अभ्यासक्रम चालतो का, हे स्वतः तपास; माहितीपत्रकावर विसंबू नकोस. या कामाची पहिली शाळा डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी १९१३ मध्ये अमेरिकेतल्या ब्रिजपोर्टला काढली आणि १९१७ मध्ये आयरीन न्यूमन पहिल्या परवानाधारक झाल्या. पण हायजिनिस्टनं कुठवर जायचं याची रेघ आजही सगळीकडे एका जागी नाही. भुलीचं इंजेक्शन एके ठिकाणी चालतं, दुसरीकडे नाही. तुझ्या परवान्यात काय बसतं ते शब्दन् शब्द वाचून ठेव.

आता हात. सुरुवात प्रोबपासून, म्हणजे दात आणि हिरडी यांमधली खोली मोजायच्या बारीक सळईपासून. विल्यम्स प्रोबवर १, २, ३, ५, ७, ८, ९, १० अशा मिलिमीटरच्या खुणा असतात. ४ आणि ६ मुद्दाम गाळलेल्या. घाईत वाचणारी माणसं नेमकी तिथेच फसतात. दाब २० ते २५ ग्रॅमचा हवा. हे ऐकून कुणालाच कळत नाही. ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल वजनकाटा घे, त्यावर प्रोबचं टोक टेकव आणि आकडा २० वर येईपर्यंत दाब. किती हलका हात लागतो हे पाहून चकित होशील. डोळे मिटूनही तोच आकडा येऊ लागला की मग तोंडाकडे वळ.

प्रत्येक दाताची सहा ठिकाणी नोंद करायची: बाहेरून तीन, आतून तीन. प्रोब एकदा टोचून बाहेर काढायचा नाही. टोक खालीच ठेवून मिलिमीटर-मिलिमीटरनं चालवत न्यायचं. दोन दातांच्या फटीत मात्र तो थोडा तिरका करून, दात जिथे एकमेकांना टेकतात त्याच्या खाली पोचवावा लागतो. सरळ उभा धरलास तर फटीतला सगळ्यात खोल भाग सुटतो, आणि आजार बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो. दुसरी चूक म्हणजे कीटणाच्या, म्हणजे दातावर साचून कडक झालेल्या थराच्या, कडेवर प्रोब अडकतो आणि तोच तळ वाटतो. तीन लिहिलंस, असतात सहा. तळ किंचित मऊ, लवचिक लागतो. कीटण खडखडीत लागतं. हिरडी खाली सरकली असेल तर तेही मोजून मिळव: खोली ४ आणि हिरडी २ नं उतरलेली, म्हणजे दाताचा आधार ६ मिलिमीटर गेला. नुसता ४ हा आकडा फार चांगला दिसतो, म्हणून सावध राहा.

क्युरेट म्हणजे कीटण खरवडायचं पातं असलेलं हत्यार; त्यात ग्रेसी नावाचा क्रमांक दिलेला संच शिकशील. पुढच्या दातांना १-२, दाढांच्या पुढच्या बाजूला ११-१२, मागच्या बाजूला १३-१४. ग्रेसीची एकच कड कापते, पातं कललेलं असतं त्यातली खालची. नवखे हमखास उलटी कड लावतात आणि मग कीटण हलत का नाही म्हणून जोर करतात. खूण सोपी आहे: पात्यालगतची शेवटची दांडी दाताच्या ज्या पृष्ठभागावर काम चाललंय त्याला समांतर दिसली, तर कड बरोबर आहे. पातं आत नेताना जवळजवळ मिटलेलं, तळाशी पोचलं की उघडायचं. कामाचा कोन ४५ ते ९० अंशांच्या मधला. ७०-८० ला पातं छान चावतं. नव्वदच्या पुढे गेलीस तर हिरडी कापशील. पंचेचाळीसच्या आत राहिलीस तर पातं कीटणावरून घसरत जाईल.

हे घसरणं सगळ्यात वाईट. वरवरचे थर तासले जातात, खालचा थर मुळाला चिकटून गुळगुळीत होतो आणि बोटांना तो मुळासारखाच लागतो. तू खूश, पेशंट खूश, हिरडी मात्र महिनाभरानंही रक्त देते. हे होतं तीन कारणांनी: कोन बंद, धार बोथट, किंवा हलक्या हाताचे बरेच फटके. त्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटरचे छोटे, घट्ट फटके मार. दाब फटक्यापुरताच, मधल्या वेळात बोटं सैल. अनामिका दातावर टेकलेली हवी आणि हालचाल मनगट-कोपरातून. अंगठा दुखायला लागला तर समज की दांडी आवळून धरते आहेस.

सराव असा कर. सरावाच्या जबड्यातल्या दातांच्या मुळांवर मैत्रिणीला नेलपॉलिशचे ठिपके द्यायला सांग, तुला न दाखवता. हिरडी बसव, आधी एक्स्प्लोररनं (चाचपण्याच्या टोकदार हत्यारानं) चाचपून कागदावर जागा लिही, मग क्युरेट चालव, शेवटी दात उपसून बघ. पहिल्यांदा निम्मे राहतील. राहिलेले कुठे राहिले ते पाहिलंस तर आपल्या हाताची खोड कळते. बहुतेकींचं मागच्या दाढांच्या मागे राहतं.

धार हा विषय कॉलेजात एका तासात उरकतात, हे मला पटत नाही. दिव्याखाली कड धर: चमकती रेघ दिसली तर बोथट, काहीच चमकलं नाही तर ठीक. धार लावायचा दगड आणि पात्याचा वरचा चेहरा यांत १०० ते ११० अंश ठेव, आणि क्युरेटचं टोक गोलच राहू दे. टोकदार केलंस तर ते मुळावर चरे पाडतं.

कंपनांनी कीटण काढणारं अल्ट्रासॉनिक यंत्र आलं म्हणून हे सगळं सुटत नाही. त्याचं टोक सेकंदाला २५ ते ५० हजार वेळा कंपतं. टोकाची बाजू लावायची, अणी नाही. दाबलंस की कंप मरतो. टोक १ मिलिमीटर झिजलं की ताकद सुमारे पाव घटते, २ ला निम्मी. तेव्हा ते फेकायचं.

हत्यारं वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हबद्दल एवढंच: १२१ अंशांना १५ मिनिटं किंवा १३४ ला ३, पण हत्यार आधी धुऊन कोरडं केलेलं असेल तरच. वाळलेल्या रक्ताखाली वाफ पोचत नाही, आणि ठासून भरलेल्या ट्रेमध्येही नाही.

आणि एक काम आजच. हेपटायटिस बीची लस सुरू कर. तीन डोस: आज, एक महिन्यानं, सहाव्या महिन्यात. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून प्रतिपिंडं १० mIU/mL च्या वर आली का बघायचं. म्हणजे सात-आठ महिने गेलेच. पेशंटच्या तोंडात हात घालायच्या आधी तो अहवाल तुझ्या फाइलमध्ये असू दे.