संधिवात असताना आतड्याचं ऑपरेशन

ताई, संधिवात असताना आतड्याच्या ऑपरेशनची तयारी कशी करायची, असं विचारलंत ना? माझा आमवात सोळा वर्षांचा, त्यात मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. म्हणून सांगते, भूल देणाऱ्या डॉक्टरांना ऑपरेशनच्या आदल्या रात्री नाही, आधीच भेटा. मान आखडते का, तोंड पूर्ण उघडतं का, हे त्यांना सांगा. श्वासनलिकेत नळी घालताना त्याला फार महत्त्व असतं. आमचे सर्जन गुडघ्यांबद्दलच विचारत राहिले, मानेचा विषय मीच काढला!

स्टिरॉइड रोज घेत असाल तर स्वतःहून एक गोळीही चुकवू नका. शरीराला त्याची सवय झालेली असते, अचानक तुटलं की रक्तदाब कोसळू शकतो. बायोलॉजिक इंजेक्शन (आमवातावरचं, प्रतिकारशक्ती दाबणारं) मात्र बहुधा आधी थांबवतात, कारण जंतुसंसर्गाची भीती. कधी, ते संधिवाताच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि सर्जनना दाखवा.

ऑपरेशननंतर शौचासाठी पोटावर पिशवी येणार असेल तर आधीच मागून घरी आणा नि उघडबंद करून बघा. माझ्या वाकड्या बोटांना ती चिमटीची पट्टी जमेचना. वेल्क्रोवाली मिळाली तेव्हा सुटले.

आणि फुफ्फुसांच्या व्यायामाचं, आत तीन छोटे चेंडू असलेलं ते श्वासाचं यंत्र आजच घ्या. फुंकायचं नसतं, आत ओढायचं असतं.