परराज्यातलं जुनं वॉरंट कसं रद्द करून घ्यावं?

प्रश्न : इचलकरंजीत माझे यंत्रमाग होते. 2019 मध्ये सुरतच्या सूत व्यापाऱ्याला दिलेला 1,80,000 रुपयांचा चेक वटला नाही. पुढे मी घर बदललं. आता कळलं, की तिथल्या कोर्टाने माझ्यावर अजामीनपात्र वॉरंट काढलंय. इतक्या वर्षांत ते बाद झालं असेल ना? की इथल्या कोर्टात रद्द करून मिळेल? (वाचक, कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : दोन्ही नाही. वॉरंटाला मुदत नसते. ते बजावलं जाईपर्यंत किंवा काढणारं कोर्ट रद्द करेपर्यंत कायम राहतं (फौजदारी प्रक्रिया संहिता, कलम 70, नवी संहिता 1 जुलै 2024 ला लागू झाली, पण खटला त्याआधीचा, म्हणून जुनीच संहिता). पण घाबरू नका. वॉरंट अजामीनपात्र असलं तरी चेक न वटण्याचा गुन्हा जामीनपात्र आहे. पोलीस दारात आलेच, तर सुरत 30 किलोमीटरपेक्षा लांब असल्याने तुम्हाला आधी इथल्या दंडाधिकाऱ्यांपुढे नेतात, आणि योग्य जामीन दिलात तर ते तो घेऊन कागद सुरतला पाठवतात. तरीही पोलिसांची वाट पाहू नका. स्वतःहून हजर झालेल्या माणसाकडे कोर्ट वेगळ्या नजरेने बघतं.

आधी ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर सुरत निवडून नावाने शोधा. गुजरातीतून इंग्रजीत जाताना आडनावाचं स्पेलिंग बदलतं, म्हणून दोन-तीन प्रकारे टाकून बघा. सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक (खटल्याचा ओळख क्रमांक) मिळाला की सुरतचा वकील गाठा, वकीलपत्र द्या आणि रोजनामा (कोर्टातल्या तारखावार कामकाजाची नोंद) व समन्स बजावणीच्या अहवालाची नक्कल काढायला सांगा. अहवालात ‘पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा असेल, तर तुमच्या अर्जाचा सगळा जोर तिथेच आहे. त्या तारखेआधीचा भाडेकरार किंवा वीजबिल सोबत जोडा. कलम 82 ची फरारी उद्घोषणा निघाली असेल, तर वकिलाला तेही आधी कळू द्या.

पुढची तारीख लांब असेल, तर प्रकरण बोर्डावर, म्हणजे तारखेआधीच सुनावणीला, घेण्याचा अर्ज करता येतो. वॉरंट रद्द करण्याचा आणि जामिनाचा, असे दोन्ही अर्ज एकाच दिवशी द्या आणि त्या दिवशी स्वतः उभे राहा. नुसता वकील पाठवला, की बहुतेक वेळा अर्ज फेटाळला जातो. शुक्रवार टाळा; जामीनदाराचे कागद अडले तर शनिवार-रविवार अंगावर येतो. आधार, फोटो, जामीनदार आणि त्याचा सातबारा किंवा घरपट्टीची पावती बरोबर न्या. ‘जामीनदार इथलाच हवा’ असं म्हटलं गेलं, तर परगावचा म्हणून जामीनदार नाकारू नये, असं सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा मोतीराम खटल्यातला 1978 चा निकाल वकिलाने दाखवावा, किंवा रोख रक्कम भरण्याची परवानगी मागावी. पुढच्या तारखांना गैरहजेरीची माफी कलम 205 खाली मागता येते.

व्यापाऱ्याशी तडजोड होत असेल तर उत्तम, पण पैसे परस्पर देऊन मोकळे होऊ नका. समझोत्याची पुरशिस (लेखी निवेदन) कोर्टात दाखल होऊन त्यावर आदेश झाला, तरच खटला संपतो.

शेवटचं काम लोक हमखास विसरतात. वॉरंट रद्दचा आदेश झाला तरी ते पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत तसंच पडून राहतं. ते परत मागवणारं पत्र ठाण्याला गेलं का, हे वकिलाकडून बघून घ्या. आदेशाची प्रमाणित प्रत स्वतः ठाण्यात द्या, पोच घ्या आणि एक प्रत कायम जवळ ठेवा.