टबातील डॅफ्निया लाल का झाले?

प्रश्न : सहकारनगर येथील आमच्या गच्चीवर गप्पी माशांच्या खाद्यासाठी मी एका टबात डॅफ्निया हे गोड्या पाण्यातले चिमुकले कवचधारी जीव वाढवते. हे जीव एरवी जवळजवळ पारदर्शक असतात. पण मे महिन्यात पाणी हिरवे आणि कोंदट झाले, तेव्हा काही दिवसांतच ते तांबूस दिसू लागले. पाणी बदलल्यानंतर जन्मलेली पिल्ले मात्र पुन्हा फिकट निघाली. हा रोग आहे, की त्यांची जनुके बदलली?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपण जे पाहिले तो रोग नाही, आणि त्या जीवांची जनुकेही बदललेली नाहीत. पोथी तीच राहिली, वाचला जाणारा अध्याय तेवढा बदलला. डीएनएमधील एखाद्या जनुकाची आरएनएच्या रूपात नक्कल निघून त्यापासून प्रथिन तयार होते, तेव्हा त्या जनुकाची अभिव्यक्ती झाली असे म्हणतात. ती किती व्हावी हे पुष्कळ वेळा भोवतालच्या परिस्थितीवर ठरते.

आपल्या टबात कमी पडला तो प्राणवायू. २० अंश सेल्सियसच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येतो. त्यातच शेवाळ दिवसा प्राणवायू सोडत असले तरी रात्री स्वतःच तो वापरते, त्यामुळे पहाटेच्या वेळी टबातील जीवांची खरी घुसमट होते. डॅफ्नियाच्या पेशींत एचआयएफ नावाचे एक नियंत्रक प्रथिन सतत तयार होत असते आणि प्राणवायू पुरेसा असेपर्यंत ते लगेच मोडलेही जाते. प्राणवायू घटला की हे मोडणे मंदावते, साचलेले प्रथिन हिमोग्लोबिनच्या जनुकांलगतच्या डीएनएला चिकटते आणि त्या जनुकांचे वाचन वेगाने सुरू होते. डॅफ्नियाचे हिमोग्लोबिन आपल्यासारखे रक्तपेशींत बंद नसून शरीरद्रवात विरघळलेले असते, आणि कवच पारदर्शक असल्यामुळे तो लाल रंग नुसत्या डोळ्यांना दिसतो. अशा वेळी हिमोग्लोबिनचे प्रमाण दहापटीहूनही अधिक वाढू शकते. शिवाय नव्याने बनणारे हिमोग्लोबिन प्राणवायूला अधिक घट्ट धरून ठेवते. जनुकाचे काम सूक्ष्मदर्शकाशिवाय पाहायला मिळण्याचे असे प्रसंग फार थोडे, आणि आपल्याला तो गच्चीवर मिळाला याचे मला मनापासून कौतुक वाटते.

जनुके तीच आहेत, हे कशावरून? अनुकूल काळात डॅफ्नियाच्या माद्या नराविना प्रजनन करतात, त्यामुळे एका मादीची पिल्ले जनुकीय दृष्ट्या आईची नक्कलच असतात. तीच जनुके असलेली लेक फिकट आणि आई लाल असेल, तर फरक परिस्थितीने घडवला असेच म्हणावे लागते. याच सोयीमुळे पर्यावरण आणि जनुके यांच्या अभ्यासात डॅफ्निया महत्त्वाचा ठरला. डॅफ्निया प्युलेक्स या जातीचा जनुकसंच २०११ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात सुमारे ३१,००० जनुके असल्याचा अंदाज होता. पुढच्या, अधिक काटेकोर मांडणीत ही संख्या बरीच खाली आली. परंतु इतर प्राण्यांत न आढळणारी त्याची जनुके पर्यावरणातील बदलांना विशेष प्रतिसाद देतात, हे त्या अभ्यासातील निरीक्षण मला संख्येपेक्षा मोलाचे वाटते.

इतर ताणांविषयी थोडक्यात सांगायचे, तर उष्णतेने प्रथिनांची घडी सावरणाऱ्या प्रथिनांची जनुके जागी होतात आणि कॅडमियम किंवा तांब्यासारखे धातू वाढल्यास ते बांधून ठेवणारी मेटॅलोथायोनिन प्रथिने अधिक बनतात. भक्षक अळ्यांच्या अंगातून पाण्यात झिरपणाऱ्या रसायनांची नुसती चाहूल लागली, तरी काही जातींच्या पिल्लांना मानेवर दातेरी काटे फुटतात. विषारीपणाच्या नेहमीच्या चाचणीत ४८ तासांत किती डॅफ्निया हालचाल थांबवतात ते मोजतात. जनुकांची अभिव्यक्ती तपासल्यास तोच त्रास जीव निपचित पडण्याआधी कळू शकतो. मुळा-मुठेसारख्या नद्यांच्या काठी राहणाऱ्या आपणा सर्वांना या पद्धतीचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

आपल्याला पडताळा घ्यायचा असल्यास एकाच मादीची पिल्ले दोन भांड्यांत वाढवावीत : एक पसरट व उथळ, दुसरे अरुंद व खोल, दोन्ही सावलीत असावीत, आणि नळाचे पाणी क्लोरीन उडून जाण्यासाठी आधी एक-दोन दिवस उघडे ठेवावे. लाल डॅफ्निया माशांना निर्धास्त घालावेत. गर्दी वाढून अन्न कमी पडू लागले, तर मात्र नर जन्मतात आणि माद्यांच्या पाठीवर खोगिरासारखी काळपट अंड्यांची पिशवी दिसू लागते. तसे झाल्यास टबाच्या तळचा गाळ फेकू नये, वाळवून ठेवावा, कारण त्यातील अंडी पुन्हा पाण्यात पडल्यावर उबू शकतात.