निवृत्तीचे बारा लाख पवनऊर्जा आणि खत कंपन्यांच्या शेअरमध्ये गुंतवावेत का?

महोदय, सप्रेम नमस्कार.

आपण पाटण तालुक्यातून लिहिले आहे की ५८व्या वर्षी शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त होताना हाती आलेल्या २० लाखांपैकी १२ लाख रुपये एका पवनचक्की उत्पादक आणि एका खत कंपनीच्या शेअरमध्ये गुंतवावेत, असे आपल्या मनात आहे. वनकुसवड्याच्या पठारावरचा वारा थांबणार नाही आणि शेतकऱ्याची खताची गरज संपणार नाही, हा त्यामागचा विचार. मुलाच्या पुढील शिक्षणासाठी तीन वर्षांनी सहा लाख लागणार असल्याचेही आपण कळवले आहे.

आपली दोन्ही निरीक्षणे खरी आहेत. पण एखादी वस्तू कायम लागणार म्हणून ती पुरवणाऱ्या कंपनीच्या भागधारकाला नफा होतोच, असे नाही. मार्च २००८ मध्ये देशाची पवनऊर्जा क्षमता सुमारे ९ हजार मेगावॉट होती, ती मार्च २०२० पर्यंत सुमारे ३८ हजारांवर गेली. साधारण त्याच काळात पवनचक्क्या बनवणाऱ्या सुझलॉन कंपनीचा शेअर चारशे रुपयांच्या वरून तीन रुपयांच्याही खाली आला, कारण कर्जाचा भार पेलवला नाही आणि २०१२ मध्ये परकीय चलनातील रोख्यांची परतफेड चुकली. वीजनिर्मिती करणाऱ्या कंपनीची जोखीम निराळी असते. वाऱ्याचा वेग १० टक्क्यांनी कमी झाला, तर त्यातील ऊर्जा सुमारे २७ टक्क्यांनी घटते. शिवाय आपल्याकडे वाऱ्यापासूनची वर्षातील बहुतांश वीज जून ते सप्टेंबर या महिन्यांतच मिळते, त्यामुळे एक पावसाळा मंद गेला की वर्षाचा हिशेब बिघडतो.

खताबाबत मला अधिक काळजी वाटते. जगात खताचा कच्चा माल टंचाईचा झाला तर खत कंपन्यांची चांदी होईल, असे आपण गृहीत धरले आहे. परंतु पालाशासाठी (पोटॅश) भारत जवळजवळ पूर्णपणे कॅनडा, रशिया, बेलारूस अशा देशांवर अवलंबून आहे, स्फुरदाच्या (फॉस्फरस) खडकाचे जगातील सर्वांत मोठे साठे मोरोक्कोकडे आहेत आणि युरियासाठी लागणारा नैसर्गिक वायू मोठ्या प्रमाणात आयात होतो. म्हणजे टंचाईचा लाभ खाणीच्या मालकाला मिळतो आणि भारतातील खत कारखान्याचा खर्च वाढतो. हा वाढीव खर्च त्याला शेतकऱ्याकडून वसूलही करता येत नाही, कारण ४५ किलोच्या युरियाच्या गोणीची किंमत सरकारने सुमारे २६६ रुपयांवर ठेवली आहे आणि उरलेली रक्कम अनुदानातून येते. युक्रेन युद्धानंतर २०२२-२३ मध्ये हे अनुदान सुमारे अडीच लाख कोटी रुपयांवर गेले. ते मिळायला उशीर झाला, तर मधल्या काळातील कर्जाचे व्याज कंपनीलाच सोसावे लागते.

वाऱ्याच्या विजेपासून खत तयार होऊन हे दोन्ही धंदे जोडले जातील, ही आपली अपेक्षा निराधार नाही. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १९,७४४ कोटींच्या हरित हायड्रोजन अभियानामागेही (अशा विजेने पाण्यातून हायड्रोजन काढण्याची सरकारी योजना) तोच विचार आहे. मात्र पाण्यातील हायड्रोजन आणि हवेतील नायट्रोजन यांपासून फक्त नत्राचे खत मिळवता येते. स्फुरद आणि पालाश खाणीतूनच काढावे लागतात. युरियासाठी कार्बन डायऑक्साइडही लागतो, जो आज नैसर्गिक वायूच्या प्रक्रियेतच मिळतो. या बदलाला लागणारी वर्षे मुलाच्या शिक्षणाच्या तीन वर्षांत बसणारी नाहीत.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की सहा लाख बँकेच्या किंवा टपाल खात्याच्या तीन वर्षांच्या मुदत ठेवीत ठेवावेत आणि १२ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत गुंतवावेत. साठीच्या आत निवृत्त झालेल्यांना निवृत्तीचे लाभ हाती आल्यापासून तीन महिन्यांतच हे खाते उघडता येते, तेव्हा हे काम आधी उरकावे. एप्रिल २०२३ पासूनच्या ८.२ टक्के दराने दर तिमाहीला २४,६०० रुपये मिळतील. खाते उघडताना चालू दर तेवढा पाहून घ्यावा. उरलेल्या दोन लाखांपैकी दीड लाख निर्देशांक फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकातील सर्व कंपन्यांत पैसे विभागून गुंतवणारा फंड) हप्त्याहप्त्याने घालावेत. आपल्या आवडीच्या दोन शेअरसाठी पन्नास हजारांपेक्षा अधिक रक्कम वापरू नये आणि तीही वार्षिक अहवालात पवनचक्की कंपनीचे कर्ज व खत कंपनीचे सरकारकडे थकलेले अनुदान, हे दोन आकडे पाहिल्यानंतरच.