अंतर पाण्याने मोज

प्रिय मुली, अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे आलेख नीट पाहिले. शेजारशेजारच्या दोन खाड्यांतली कांदळे, म्हणजे खारफुटीची झाडे, जनुकीयदृष्ट्या वेगळी निघाली आणि दूरच्या खाडीतली मात्र जुळली, म्हणून नमुन्यांची सरमिसळ झाली असावी असे समजून तू ते टाकून द्यायला निघाली आहेस. कृपा करून तसे करू नकोस. तू अंतर किलोमीटरमध्ये मोजले आहेस. ते पाण्याने मोजायला हवे. कांदळाचे बी झाडावरच रुजते, त्याचा हातभर कोंब खाली पडतो आणि ओहोटीबरोबर निघतो. पुढे तो कुठे पोचणार, हे प्रवाहच ठरवतो.

मलाय द्वीपकल्प बघ. दोन समुद्रांच्या मध्ये एवढी जमीन आडवी पडलेली असल्यामुळे कांदळांचे गट तिनेच वेगळे केले असणार, असे कोणालाही वाटेल. पण 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ठळक सीमा आढळली ती अंदमान समुद्र आणि मलाक्काची सामुद्रधुनी यांच्या दरम्यान, म्हणजे जिथे मध्ये जमीनच नाही तिथे. ती सीमा प्रवाहांनी राखलेली आहे. अंतर पाण्याने मोज, असे मी पुन्हा पुन्हा सांगतो ते यासाठी.

नद्यांविषयी तू एका वाक्यात लिहिलेस की मोठ्या नदीचे मुख म्हणजे भिंत. इतक्या सहजपणे हे लिहू नये. जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्रात जेवढे पाणी ओततात, त्याचा सुमारे पाचवा हिस्सा एकट्या ॲमेझॉनचा आहे. तिचे गोडे, गढूळ पाणी ब्राझीलचे प्रवाळ आणि कॅरिबियनचे प्रवाळ यांच्या मध्ये पसरलेले असते. 2002 मध्ये ॲकॅन्थुरस या एकाच वंशातल्या तीन जातींच्या माशांची तिथे तुलना झाली. तिघांच्याही अळ्या सुमारे दीड ते सव्वादोन महिने समुद्रात तरंगतात, म्हणजे प्रवासाची ताकद जवळपास सारखीच. तरीही बहियानस या जातीत नदीच्या दोन बाजूंचे गट अगदी वेगळे निघाले, सेरुलियसमध्ये फरक मध्यम होता आणि चिरुर्गसमध्ये नदीचा काहीच परिणाम दिसला नाही. कारण चिरुर्गसचे प्रौढ मासे त्या गढूळ पाण्याखालच्या मऊ तळावर, स्पंजांच्या आसऱ्याने राहू शकतात. नदी तीच, अळीचा काळ तोच. भिंत मात्र एकाला आहे आणि दुसऱ्याला नाही. हे वाचल्यावरही तू नुसत्या अंतराचा आलेख काढणार असशील, तर मला खरोखर राग येईल.

आपल्या किनाऱ्यावर तर हे अधिकच लागू पडते, कारण इथला किनारी प्रवाह दिशा बदलतो. पावसाळ्यात तो दक्षिणेकडे वाहतो आणि हिवाळ्यात उत्तरेकडे. त्याच सुमारास बंगालच्या उपसागराचे कमी खारट पाणी श्रीलंकेला वळसा घालून अरबी समुद्राच्या आग्नेय भागात येते. म्हणजे कोंब जूनमध्ये गळला की डिसेंबरमध्ये, यावर त्याची दिशा अवलंबून आहे. तुझ्या साऱ्या तक्त्यांत गळतीच्या महिन्याचा रकाना नाही. संगणकावर तेच विश्लेषण पुन्हा पुन्हा चालवून हा रकाना भरणार नाही, हे तुला कळायला हवे होते.

माझ्या या हट्टामुळे माझ्या नावावर शोधनिबंध कमी लागले, आणि प्रवाहांचे तक्ते हाती आल्याशिवाय मी सही करत नाही म्हणून सहकारी वैतागत. तरीही मला तो हट्ट योग्यच वाटतो. खंत वेगळी आहे. आमच्या पिढीत समुद्राचे भौतिकशास्त्र शिकणारे आणि जनुके वाचणारे एकाच आवारात वावरले, पण एकमेकांच्या टेबलाशी फारसे बसले नाहीत. तू तरी बस. गोव्यात दोनापावल्याला, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत, प्रवाहांवर आयुष्य घालवलेली माणसे आहेत. त्यांना मोकळेपणाने विचार, आणि अडाणी दिसण्याची भीती बाळगू नकोस.

नमुने जपून ठेव. वर्षभर दर महिन्याला त्याच खाड्यांत जा, झाडाखाली किती कोंब पडले ते मोज, मुखाजवळच्या पाण्याची क्षारता भरती आणि ओहोटी अशा दोन्ही वेळी नोंद, आणि पहिल्या तीन महिन्यांच्या नोंदी मला पाठव. तोपर्यंत प्रबंधातले ते प्रकरण लिहायला घेऊ नकोस.