गुरुत्वीय लहरींसारख्या शोधांचा शेतकऱ्याला कधी काही उपयोग झालाय का?

(मूळ प्रश्न: पेपरात रोज कृष्णविवरं, गुरुत्वीय लहरी, दूरच्या दीर्घिका असले शोध येतात. ह्यातल्या एका तरी गोष्टीचा सामान्य माणसाला, शेतकऱ्याला उपयोग झाल्याचं उदाहरण आहे का? नसेल तर हा पैसा थेट शेतकऱ्याला का देत नाहीत?)

उदाहरण आहे. माझ्या सख्ख्या चुलत्यांचं. त्यांनी ते आजपर्यंत कबूल केलेलं नाही, म्हणून इथे लिहितोय. लांबेल.

माझं नारायणगावजवळ मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटारीत तांब्याची तार परत भरून द्यायचं दुकान आहे, वडलांपासूनचं. गच्चीवर चढलं की खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या (जीएमआरटी) दोन-तीन डिश दिसतात. एकूण ३० आहेत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाची. १४ मधोमध गठ्ठ्याने, बाकीच्या १६ तीन दिशांना लांबवर पांगलेल्या. पाहुणे आले की पहिला प्रश्न ठरलेला, की ही नुसती जाळी कशी काय, पत्रा का नाही बसवला? ही दुर्बीण उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप, त्यांचं डोकं ते. ज्या लहरी पकडायच्या त्यांची लांबी जाळीच्या भोकापेक्षा कितीतरी मोठी, मग त्यांच्या दृष्टीने जाळी काय आणि पत्रा काय सारखंच. वजन वाचलं, वारा आरपार गेला, खर्च कमी झाला. ताणलेल्या तारांवर स्टीलची बारीक जाळी. तारेत आयुष्य गेलेल्या माणसाला ते बघून टोपी काढावीशी वाटते.

तर २०१८ चा उन्हाळा. तात्यांचा, म्हणजे चुलत्यांचा, टोमॅटो उभा होता. विहिरीवर तीन एचपीची मोनोब्लॉक मोटार. शेतीची थ्री फेज लाईट बहुतेक रात्रीची, आणि आमच्या जुन्नर तालुक्यात रात्री वावरात जायचं म्हणजे बिबट्याशी गाठ, म्हणून तात्यांनी सगळ्यांसारखा ऑटोस्विच बसवलेला. लाईट आली की मोटार आपोआप चालू. मध्ये सिंगल फेज प्रिव्हेंटर होता, म्हणजे तीनपैकी एक फेज गेला की मोटार बंद करणारा, तो सारखा ट्रिप होतो म्हणून त्यांनी तो काढून डायरेक्ट वायरी जोडून टाकल्या होत्या. हे मला नंतर कळलं.

मोटार जळली. भरून दिली. तीन आठवड्यांनी परत जळली. परत भरून दिली, मजुरी निम्मी घेतली, घरचं माणूस म्हणून. मे महिन्यात तिसऱ्यांदा जळली तेव्हा तात्या दुकानाच्या पायरीवर उभे राहिले आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "तुझा बाप कॉपर भरायचा, तू काय भरतोस?"

ह्या धंद्यात ह्याहून मोठी शिवी नाही. मी जळकी कॉपर काढून काट्यावर टाकली, वजन दाखवलं. तात्यांनी काट्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मला कारण दिसत होतं. उघडलेली मोटार स्वतःच बोलते. वाइंडिंग कच्ची असेल तर कुठेतरी एका जागी शॉर्ट होऊन तिथलाच झुबका जळतो. तात्यांच्या मोटारीत तीनपैकी दोन फेजच्या कॉइली कोळशासारख्या काळ्या, आणि तिसऱ्या फेजवरची वार्निश जशीच्या तशी, मधासारखी पिवळी. स्टार कनेक्शनच्या मोटारीत असं दिसलं की शेंबडं पोरगंही सांगेल, एक फेज जात होता आणि मोटार दोनांवर रखडत होती. मी हे सांगितलं. तात्या म्हणाले, डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) डीओ, म्हणजे फ्यूज, तिन्ही शाबूत आहेत, वायरमन बघून गेलाय, तू तुझं सांभाळ. दिवसा मीही टेस्ट लॅम्प लावून बघितला होता. तिन्ही फेज व्यवस्थित.

त्याच आठवड्यात दुकानासमोर एक जीप थांबली. टपावर माशाच्या काट्यासारखी अँटेना. खोडदची माणसं. त्यांना ह्या बाजूने कसलीतरी खरखर येत होती, कधी असायची, कधी नसायची, आणि ती त्यांच्या खालच्या बँडमध्ये, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात, घुसत होती. पहिला संशय अर्थात माझ्यावर. ग्राइंडर, ड्रिल, ब्रशवाल्या मोटारी, ठिणग्यांचंच दुकान. मी मेन स्विच पाडला. त्यांनी अँटेना फिरवली. खरखर तशीच.

इथे एक सांगतो म्हणजे अंदाज येईल. २०१६ च्या ऑक्टोबरात युरोपचं एक यान मंगळावर उतरत होतं, स्कियापारेली नावाचं. त्याचा सिग्नल खोडदला पकडला होता, आणि उतरायच्या थोडं आधी तो तुटला तेही इथेच कळलं. मंगळावरून येणारी कुजबूज ज्याला ऐकू येते, त्याच्या कानाशी शेजारच्या वावरातली ठिणगी म्हणजे लग्नातला डीजे.

मी जीपमध्ये बसून त्यांच्याबरोबर गेलो, रस्ते दाखवायला. फिरत फिरत आलो कुठे, तर तात्यांच्या बांधावरच्या खांबापाशी. दिवस मावळला होता, लाईट नुकतीच आली होती, विहिरींवरच्या मोटारी एकेक करून लागत होत्या. त्यातला एक जण म्हणाला, वर बघा. खांबावरचा जंपर, म्हणजे दोन तारा जोडणारा तुकडा, वाऱ्याने हलला की त्याच्या टोकाला निळी ठिणगी, मोहरीएवढी. हलला की चर्र, थांबला की काही नाही. दिवसा लोड नसताना, वारा नसताना, टेस्ट लॅम्पला सगळं ठीकच दिसणार. रात्री लोड आला, वारा सुटला, की फेज गायब.

दुसऱ्या दिवशी वायरमनने जंपर बदलला, क्लॅम्प आवळला. मी तिसऱ्यांदा भरलेली तात्यांची मोटार अजून चालू आहे. तीच वाइंडिंग. तेच कॉपर.

आणि तात्या काय म्हणाले? "माझी मोटार तीनदा जळली तेव्हा कुत्रं आलं नाही. आभाळातल्या ताऱ्याला खरखर झाली की जीप येते!"

ह्यात खोटं काही नाही, मान्य. पण वाइंडिंगबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत.

आता तुमच्या लहरींकडे येतो, कारण गोष्ट तीच आहे. गुरुत्वीय लहर म्हणजे अवकाशालाच बसणारा हेलकावा, प्रचंड जड वस्तू एकमेकांभोवती फिरल्या की उठणारा. २९ जून २०२३ ला जगातल्या वेगवेगळ्या गटांनी एकाच दिवशी जाहीर केलं, की अत्यंत संथ गुरुत्वीय लहरींचा पुरावा मिळालाय. २०१५ ला अमेरिकेत लायगोने, म्हणजे ह्या लहरी पकडणाऱ्या यंत्रणेने, पकडलेली लहर सेकंदाच्या आत येऊन गेली होती. ह्या लहरींना एक हेलकावा पूर्ण करायला वर्षानुवर्षं लागतात. दीर्घिकांच्या पोटातली प्रचंड कृष्णविवरं जोडीने एकमेकांभोवती फिरतात, त्यांच्या असाव्यात असा अंदाज. युरोपच्या गटाबरोबर भारत-जपानचा गट होता, आणि त्यांची दुर्बीण म्हणजे आमची खोडदची.

पकडल्या कशा? पल्सार वापरून. पल्सार म्हणजे सूर्याहून जड पण जुन्नर तालुक्यात मावेल एवढा मेलेला तारा, स्वतःभोवती गरगर फिरणारा. माझी मोटार मिनिटाला २८८० फेरे मारते, म्हणजे सेकंदाला ४८. १९८२ मध्ये सापडलेला पहिला अतिवेगवान पल्सार सेकंदाला ६४२ फेरे मारतो. तो शोधणाऱ्यांत तेव्हा अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात विद्यार्थी असलेले श्रीनिवास कुलकर्णी होते, जन्म आपल्या कुरुंदवाडचा. प्रत्येक फेऱ्याला रेडिओचा एक ठोका इकडे येतो, घड्याळासारखा. मधून गुरुत्वीय लहर गेली की ठोका जरासा लवकर किंवा उशिरा पोचतो. जरासा म्हणजे सेकंदाच्या कोट्यंशांच्या हिशेबात.

पण एका पल्सारचा ठोका चुकला तर दोष कुणाचा? पल्सारचाच असेल. वाटेतल्या इलेक्ट्रॉनांचा असेल, त्यांच्यामुळे कमी फ्रिक्वेन्सीचा ठोका जास्त रखडतो. खोडदचं काम इथे महत्त्वाचं, कारण खालच्या फ्रिक्वेन्सीवर ते हा रखडा नीट मोजून वजा करू शकतात. तरीसुद्धा एकट्या पल्सारवरून काही सिद्ध होत नाही. म्हणून २५ पल्सार घेतले, जवळपास २५ वर्षांची मोजणी घेतली, आणि प्रत्येकाची चूक दुसऱ्या प्रत्येकाच्या चुकीशी ताडून पाहिली. आकाशात दोन पल्सारांमधला कोन जसा बदलेल तशी त्यांच्या चुकांची जुळणी कशी बदलायला हवी, ह्याचं गणित १९८३ लाच मांडून ठेवलेलं होतं. आकडे त्या वळणाने जायला लागले.

माझ्या भाषेत सांगायचं तर एकाची मोटार जळली तर मोटारीचा दोष असू शकतो. पण एकाच लाईनीवरच्या मोटारी एकाच हंगामात जळत असतील तर मोटारी बघू नका, लाईन बघा. त्या उन्हाळ्यात तात्यांच्या पलीकडच्या दोन विहिरींवरच्या मोटारीही जळल्या होत्या, आणि त्या मी भरलेल्या नव्हत्या, दुसऱ्या दुकानातल्या होत्या. हे मी तेव्हा ओरडून सांगत होतो. युरोपवाल्यांनी आणि खोडदवाल्यांनी मिळून २५ पल्सारांवर जे केलं ते तात्यांनी तीन विहिरींवर केलं असतं तर पायरीवरचा तमाशा टळला असता. (तमाशा नारायणगावातच शोभतो, पण फडात.)

पैशाचं म्हणाल तर थोडक्यात सांगतो. हिंगोलीत औंढा नागनाथला लायगो-इंडिया, म्हणजे अमेरिकेतल्या लायगोसारखीच यंत्रणा, होतेय, २०२३ मध्ये २६०० कोटी मंजूर झाले. २०१७ ला राज्यात एकट्या कर्जमाफीचा आकडा ३४ हजार कोटींचा जाहीर झाला होता. दोन्ही शेजारी ठेवा. दुर्बीण बंद केली म्हणून शेतकऱ्याचं भलं होणार असेल तर मला तो हिशेब कुणीतरी कागदावर करून दाखवावा. आणि आता कुणीतरी खाली वायफायचं उदाहरण देणार, रेडिओ खगोलशास्त्रातून निघालं म्हणून. खरं आहे, ऑस्ट्रेलियात तसं झालं होतं. पण मला त्या उदाहरणाचा कंटाळा येतो. दरवेळी काहीतरी विकून दाखवायचं, मगच ताऱ्याकडे बघायची परवानगी, असं का? आमच्या वारीतून काय उत्पादन निघतं असं कुणी विचारतं का?

शेतकऱ्यांना मात्र खरा सल्ला देतो, तुमच्या प्रश्नात नसला तरी. मोटार जळली की वाइंडिंगवाल्याच्या दारात भांडायच्या आधी उघडलेल्या मोटारीचा फोटो काढा. दोन फेज काळे, एक पिवळा असेल तर लाईन शोधा, आणि शोधा रात्री, लोड असताना. सिंगल फेज प्रिव्हेंटर ट्रिप होतो म्हणून काढून टाकू नका, तो ट्रिप होतोय म्हणजे तुम्हाला काहीतरी सांगतोय. ओव्हरलोड रिलेचा (जास्त करंट गेला की मोटार बंद करणाऱ्या यंत्राचा) काटा शेवटापर्यंत फिरवून ठेवणाऱ्यांशी मी बोलत नाही.

आता दोन गोष्टी प्रामाणिकपणे. एक, २०२३ चा तो निकाल म्हणजे पक्का शिक्का नाही. युरोप-भारताच्या आकड्यांत असं निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता हजारात एक वगैरे येते, आणि ह्या शास्त्रातले लोक "शोध लागला" म्हणायला त्याहून खूप कडक पट्टी लावतात. म्हणून त्यांनी "पुरावा" हाच शब्द वापरला. मोजणी चालूच आहे. दोन, दुर्बिणीचा आम्हाला त्रास नाही असं मी म्हणणार नाही. आसपासच्या पट्ट्यात कारखाना किंवा टॉवर उभा करायचा तर परवानगीचे सोपस्कार आहेत. पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग दुर्बिणीच्या जवळून जातो म्हणून बदलायचं रेल्वेने ठरवलं, त्यावरून इकडे लोक चिडलेत, आणि रेल्वे मलाही हवी आहे. त्या बाबतीत मी तात्यांच्या बाजूचा आहे. जंपरच्या बाबतीत नाही. आणि हो, तो जंपर आज ना उद्या वायरमनला सापडलाच असता, त्यासाठी कृष्णविवरं लागली नसती. पण तोवर आणखी किती मोटारी जळाल्या असत्या आणि त्या कुणाच्या नावावर गेल्या असत्या, ते मला माहीत आहे.

दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, खोडदला सगळ्यांसाठी दुर्बीण खुली असते. तालुक्यातल्या शाळांची झुंबड उडते. मागे एकदा तात्या नातवाला घेऊन आले होते. मी चार माणसं सोडून मागे रांगेत. डिशकडे हात करून नातवाला सांगत होते, "ही बघ, हिनं आपल्या बांधावरची ठिणगी पकडली होती."

पोराने विचारलं, "आणि मोटार कुणी नीट केली?"

तात्या म्हणाले, "चल, ऊन लागतंय."

तिसऱ्या रिवाइंडिंगचे पैसे अजून यायचे आहेत.